धर्मशाळेच्या जागेवर: मंगळवार पेठेतल्या एका उंच इमारतीच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

आराखड्याचं काम आजपासून सुरू. पुण्यात मंगळवार पेठेत, ससून रुग्णालयापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर एका सार्वजनिक न्यासाची जुनी धर्मशाळा आहे. खालचा मजला दगडी, वरचा सागवानी, छप्पर दोन ठिकाणी गळतंय. स्ट्रक्चरल ऑडिटचा निकाल स्पष्ट आहे: वापर थांबवा. न्यासाला त्याच जागी उंच इमारत हवी आहे आणि तिच्यात तीन गोष्टी एकत्र हव्यात: तात्पुरती घरं, हॉटेल आणि विक्रीच्या सदनिका.

तात्पुरती घरं दोन तऱ्हेच्या लोकांसाठी. पहिले म्हणजे रुग्णांचे नातेवाईक. कुणी बार्शीहून येतं, कुणी इंदापूरहून, आणि आठवड्यापासून दोन-तीन महिन्यांपर्यंत राहतं. दुसरी पेठांमधली भाडेकरू कुटुंबं. वाडा पाडून नवी इमारत उभी राहीपर्यंत दोन-तीन वर्षं त्यांना कुठेतरी राहावं लागतं. बिल्डरकडून भाड्याचे पैसे हातात पडतात, पण मुलांची शाळा आणि स्वतःचं काम यांच्या जवळ त्या पैशांत घर मिळत नाही.

सदनिका विकून बांधकामाचा खर्च काढायचा, हॉटेलच्या उत्पन्नातून तात्पुरत्या घरांचा चालू खर्च भागवायचा, असा न्यासाचा हिशोब. जमीन न्यासाची असल्याने विक्रीच्या भागासाठी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागेल. ते वकील बघताहेत.

माझी चिंता वेगळी आहे. पैसा सदनिका आणि हॉटेल आणणार, म्हणून प्रत्येक बैठकीत उजेड, वारा, लिफ्ट, चांगली दिशा हळूहळू त्यांच्याकडे सरकत जाणार. तात्पुरत्या घरांच्या वाट्याला उरलंसुरलं येऊ द्यायचं नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

८ जून

माती परीक्षणाचा अहवाल आला. वर भराव, मग मुरूम, आणि लगेच काळा पाषाण. पुण्यात हे अपेक्षितच होतं. पायाला याहून चांगलं काय हवं? पण तळघर खोदायचं तर हाच दगड फोडावा लागतो. रुग्णालयाच्या एवढं जवळ सुरुंगाचा विचारही करायचा नाही, आणि ब्रेकर महिनोन्‌महिने चालवला तर शेजाऱ्यांना राहणं मुश्कील होईल. जमिनीखाली फक्त पाण्याच्या टाक्या ठेवतोय. गाड्या तळमजल्यावर आणि त्यावरच्या दोन मजल्यांवर.

मेट्रोचं मंगळवार पेठ स्थानक ५०० मीटरच्या आत आहे, त्यामुळे टीओडीचा, म्हणजे मेट्रोलगत दाट बांधकामाला मुभा देणाऱ्या धोरणाचा, वाढीव एफएसआय (जागेच्या मानाने बांधता येणारं क्षेत्रफळ) मिळू शकतो. त्याच कारणाने गाड्यांची संख्या कमी ठेवा, असं न्यासाला सुचवलंय. तात्पुरत्या घरांत राहणाऱ्यांना दुचाकीला जागा हवी, आणि हातगाडीला. त्यांच्यातल्या काहींचं पोट हातगाडीवर आहे, आणि ती रात्री रस्त्यावर ठेवली तर सकाळी जागेवर असेलच असं नाही.

१४ जून

आज खांबांची मांडणी ठरली. सगळ्या इमारतीचं नशीब हिच्यावर अवलंबून आहे म्हणून सविस्तर लिहितो.

तीन वापर एकावर एक रचले की प्रत्येकाला खांब वेगळ्या जागी हवे असतात. पार्किंगला गाड्यांच्या मापाने, हॉटेलला खोल्यांच्या, सदनिकांना बेडरूमच्या. मग कुठेतरी मधल्या मजल्यावर भल्यामोठ्या तुळया टाकून वरचे खांब तोलायचे, म्हणजे ट्रान्सफर मजला. तो महाग असतो, भूकंपात नाजूक असतो आणि इमारत कायमची कुलूपबंद करतो, कारण त्याच्या वरचं आणि खालचं एकमेकांशी कधी अदलाबदल करता येत नाही.

आम्ही ८.४ मीटरचा गाळा, म्हणजे खांबापासून खांबापर्यंतचं अंतर, धरला. अडीच मीटरच्या तीन गाड्या आणि एक खांब त्यात बसतो. त्याचे दोन भाग केले की ४.२ मीटर रुंदीची हॉटेलची खोली होते. तीच ४.२ मीटर रुंदी तात्पुरत्या घराला: पुढे खोली, खिडकीशी ओटा, मागे संडास आणि न्हाणीघर वेगवेगळं. दोन भाग जोडले की दोन बेडरूमची सदनिका. खांब पायापासून गच्चीपर्यंत सरळ जातात.

मजल्यावर असे १८ भाग बसतात. हॉटेलच्या मजल्यावर १८ खोल्या. तात्पुरत्या घरांच्या मजल्यावर १६ घरं, आणि मार्गिकेच्या दोन्ही टोकांना एकेक भाग पूर्ण मोकळा. सदनिकांच्या मजल्यावर ८ सदनिका आणि तेच दोन मोकळे भाग. हॉटेलची मार्गिका बंद आणि एसीची असली तरी चालतं, पाहुणा तिथे थांबत नाही. पण कुटुंबं राहतात त्या मजल्यावर मार्गिका म्हणजे ओसरी. तिथे मुलं खेळतात, भाजी निवडली जाते, शेजारीण उभी राहून बोलते. दोन्ही टोकं उघडी ठेवली तर पश्चिमेचा वारा आरपार जाईल. पावसाची झड येईल म्हणून पश्चिम टोकाला जाळी आणि खोल छज्जा.

उभी रचना: तळमजला, दोन पार्किंगचे मजले, ६ मजले तात्पुरती घरं, ५ मजले हॉटेल, एक सेवा मजला (पाइप वळवायला), ८ मजले सदनिका. उंची ७३ मीटरच्या आसपास. ९६ घरं, ९० खोल्या, ६४ सदनिका.

तात्पुरती घरं खाली का, असं न्यासातल्या एका ताईंनी विचारलं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सगळ्यात जास्त तिथेच असणार, शिवाय लिफ्ट बंद पडली तर जिना चढवेल एवढ्याच उंचीवर राहणं बरं. ताईंना पटलं.

२१ जून

संरचना सल्लागार सरांकडे. पुणे भूकंपाच्या तिसऱ्या विभागात, वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर. ५० मीटरवर गेल्यामुळे उंच काँक्रीट इमारतींचं आयएस १६७०० हे मानक लागू होतं. सरळ खांब बघून सर खूश झाले. जिने आणि लिफ्टभोवतीच्या भिंती दोन्ही टोकांना न नेता मध्याजवळ ठेवा म्हणाले, म्हणजे इमारत पिळली जाणार नाही. मोकळे भाग टोकांना असल्यामुळे ते सोयीचंही आहे.

लोहगावच्या विमानतळामुळे उंचीचा ना-हरकत दाखला लागेल. तिथे उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, म्हणून सर्वेक्षकाकडून जागेची पातळी पक्की करून घेतली.

३० जून

पालख्या आज शहरात आल्या. नाना पेठ, भवानी पेठ पूर्ण भरलीय. संध्याकाळी मुद्दाम एका शाळेत गेलो, तिथे दिंडी उतरली होती. वर्गातले बाक भिंतीला लावलेले, मधे सतरंज्या, व्हरांड्याच्या एका टोकाला स्वयंपाक, दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घातलेले, नळाशी रांग. इतक्या लोकांची सोय दोन दिवसांत लागते आणि कुणाला कुठे काय करायचं ते सांगावं लागत नाही. पाणी, चूल आणि वाळत घालायची दोरी या तीन जागा आधी ठरतात, मग झोपायची. घराच्या आराखड्यात मी झोपायची जागा आधी काढली होती. उद्या ओट्यापासून आणि ड्राय बाल्कनीपासून (धुणं वाळवायची छोटी गॅलरी) पुन्हा काढायला घेतो.

५ जुलै

हॉटेल चालवणाऱ्या कंपनीबरोबर पहिली बैठक. त्यांना ३.६ मीटरचीच खोली पुरते. ०.६ मीटर जास्त घेतल्याने ट्रान्सफर मजल्याचा खर्च वाचतो, हे आकड्यांत मांडल्यावर मान्य झालं.

प्रवेशद्वाराचं मात्र नाही. हॉटेलचा दरवाजा वेगळा हवा, हे समजण्यासारखं आहे. पाहुण्याला स्वागतकक्ष लागतो, सामान उतरवायला जागा लागते. पण त्यांच्याबरोबर आलेल्या विक्री सल्लागाराने पुढे सुचवलं की सदनिकांनाही पुढून स्वतंत्र दरवाजा द्या आणि तात्पुरत्या घरांचा रस्ता मागच्या गल्लीतून घ्या. मागची गल्ली म्हणजे कचऱ्याची गाडी, जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर.

मी लिफ्टचा अभ्यास पुढे ठेवला. तात्पुरत्या घरांतली माणसं सकाळी सहा ते आठ बाहेर पडणार: रुग्णालयात डबा न्यायचा, कामावर जायचं, बाजारात पोचायचं. सदनिकांची गर्दी साडेआठ ते साडेनऊ. वेळा वेगळ्या असल्याने दोघांनी मिळून तीन लिफ्ट वापरल्या तर प्रत्येकाला कमी थांबावं लागतं. वेगळ्या केल्या तर चार लागतात आणि तरी वाट बघावी लागते. एक लिफ्ट वाचते. त्यावर कुणी काही बोललं नाही, निर्णय पुढे ढकलला.

लिफ्ट वाचते हे खरंच आहे. पण मला एकच दरवाजा हवा आहे त्याचं कारण निराळं आहे, आणि ते न्यासासमोर उघडपणे मांडणार. बाप रुग्णालयात असताना दोन महिने इथे राहणाऱ्या माणसाने ट्रान्सफॉर्मरशेजारून घरी यावं, हे मला मान्य नाही.

१२ जुलै

आजच्याच तारखेला १९६१ साली पानशेत धरण फुटलं. न्यासाचे सर्वांत वयस्क विश्वस्त, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी बोलावून घेतलं होतं. तेव्हा ते शाळेत होते. धर्मशाळेत कुटुंबं आली, दोन-तीन दिवसांसाठी म्हणून. पुढे शहरात पूरग्रस्तांसाठी निसेन हट (अर्धगोल पत्र्याची घरं) उभारल्या, गोखलेनगरसारख्या वसाहती झाल्या. काही दिवसांसाठी म्हणून मिळालेल्या छपराखाली किती घरांनी लग्नं लावली, नातवंडं पाहिली, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. त्या वसाहतींतल्या मालकीचे प्रश्न पुढे कित्येक दशकं रेंगाळले.

अण्णा म्हणाले, "तुम्ही कागदावर तीन वर्षं लिहा, पण बांधताना तीस वर्षं धरा."

हे वाक्य मी तांत्रिक निकष म्हणूनच घेतोय. तात्पुरत्या घरांचे पाइप, खिडक्या, फरशी, वॉटरप्रूफिंग सदनिकांच्या दर्जाचं. घर दर दोन वर्षांनी नव्या कुटुंबाकडे जाणार, म्हणजे वापर जास्त आणि आपलेपणाने जपणारं कायमचं माणूस नाही. हलकं साहित्य तिथे सगळ्यात आधी मोडतं. खर्चाच्या तक्त्यात "ट्रान्झिट दर्जा" असा वेगळा रकाना होता, तो काढून टाकायला सांगितलं.

१९ जुलै

पाण्याचा हिशोब. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे घरात माणशी दिवसाला १३५ लिटर, हॉटेलात खाटेमागे १८०. घरात पाच माणसं धरली तर तात्पुरत्या घरांना ६४,८०० लिटर, हॉटेलला ३२,४००, सदनिकांना ४३,२००. एकूण दिवसाला साधारण १ लाख ४० हजार लिटर. टाक्या तीन आणि मीटर तीन. टँकरच्या दिवसांत टाकी एकच असेल तर कुणाचं पाणी आधी तोडलं जाईल ते उघड आहे.

हॉटेलची न्हाणीघरं आणि तात्पुरत्या घरांची एकाच उभ्या शाफ्टवर (पाइपांसाठीची उभी पोकळी) येतात. शाफ्टचं दार मार्गिकेत, म्हणजे प्लंबरला कुणाच्या घरात शिरावं लागणार नाही. ओटा खिडकीशी असल्याने त्याचं सांडपाणी बाहेरच्या भिंतीवरच्या वेगळ्या पाइपातून. तोच पाइप हॉटेलच्या मजल्यांवर एसीचं पाणी घेतो. उद्या एखाद्या हॉटेल मजल्याची घरं करायची वेळ आली तर ओट्याची जोडणी तयार असेल, आणि घरांच्या खोल्या करायच्या तर ओटा काढला की झालं. सदनिकांची न्हाणीघरं वेगळ्या जागी येतात, ते सगळे पाइप सेवा मजल्यावर वळवले. कुणाच्याही ओट्यावर कुणाचा संडास येत नाही, हे प्रत्येक मजल्याचा नकाशा एकावर एक ठेवून तपासलं.

गॅस पाइपचाच. सिलिंडर लिफ्टमधून न्यायचे नाहीत.

२५ जुलै

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या पुढे पाणी सोडलं. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत तळमजले पाण्यात गेले, माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली. कार्यालय बंद ठेवलं.

आपली जागा निळ्या आणि लाल, दोन्ही पूररेषांच्या बाहेर आहे. तरीही ट्रान्सफॉर्मर, मीटर खोली आणि पंपांचे पॅनेल तळमजल्यावरून उचलून पहिल्या पार्किंग मजल्यावर नेतोय. अशा रात्री हीच इमारत कामाला येऊ शकते, आणि तेव्हा तिची वीज चालू असली पाहिजे.

न्यासाला आज फोनवर एक सुचवलं: तात्पुरत्या घरांपैकी एक मजला वर्षभर भरायचाच असा हट्ट नको. जून ते सप्टेंबर त्यातली काही घरं रिकामी ठेवा. त्यांनी विचार करू म्हटलंय.

२ ऑगस्ट

अग्निशमन सल्लागार मॅडमबरोबर दिवसभर. संहितेत तिन्ही वापर निवासी गटातच येतात, पण पोटगट वेगळे: लॉजिंग ए-१, अपार्टमेंट ए-४, हॉटेल ए-५ आणि तारांकित असेल तर ए-६. एकाच जिन्यावर सगळे असतील तर ज्याचा नियम कडक तो सगळ्यांना लावायचा. त्यामुळे दोन्ही जिने थेट दीड मीटर रुंद. स्प्रिंकलर सगळीकडे, तात्पुरत्या घरांतही.

आश्रयाची जागा २४ मीटरनंतर पहिली आणि पुढे दर १५ मीटरला. पहिली येते तात्पुरत्या घरांच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. म्हणजे आग लागली तर हॉटेलचा पाहुणा आणि वरचा सदनिकाधारक याच मजल्यावर येऊन थांबणार. तिथला मोकळा भाग त्यासाठी वापरतोय, तो कधीही बंद करायचा नाही ही अट नकाशावर लिहिली.

हॉटेलला जिन्याच्या दारांवर कार्डाचं कुलूप हवं होतं. मॅडमनी एका वाक्यात निकाल लावला: जिन्याकडे जाणारं दार आतून कोणत्याही कार्डाशिवाय उघडलंच पाहिजे, आणि आगीची सूचना मिळताच आश्रयमजल्याचं दार जिन्याकडूनही उघडलं पाहिजे.

१० ऑगस्ट

खर्च सल्लागाराने सूचना पाठवली: तात्पुरत्या घरांच्या मजल्यांवरचे मोकळे भाग भरून टाका. मजल्यागणिक दोन, सहा मजल्यांवर १२ घरं वाढतात. आश्रयमजला वगळला तरी दहा. हिशोब चुकीचा नाही. बारा कुटुंबांना छप्पर मिळणं ही छोटी गोष्ट नाही, आणि मी दोन रात्री यावर विचार केला.

पण ते भाग गेले की उरते ती दोन्ही बाजूंना दारं असलेली, दिवसाही दिवा लावावा लागणारी बंद मार्गिका. धुणं घरात वाळणार, भिंतींना ओल धरणार, मुलं जिन्यात खेळणार. क्षयाच्या रुग्णांच्या घरची माणसंही इथे राहतील, हवा खेळती नसलेल्या मजल्यावर त्यांना ठेवणं योग्य नाही. आणि सदनिकांच्या मजल्यावरचे तसलेच दोन भाग भरायची सूचना कुणीच केली नाही, तेही उत्तरात लिहिलं. वाढीव घरं हवीत तर हॉटेलचा एक मजला कमी करून १६ मिळतात. खांब तेच, शाफ्ट तीच. तक्ता जोडून पाठवला.

२४ ऑगस्ट

धर्मशाळेच्या खालच्या दालनात प्लायवूडचं एक घर खऱ्या मापात उभं केलं. ओटा, सिंक, ड्राय बाल्कनी, सगळं. शेजारच्या गल्लीत वाड्यांतून बाहेर पडून भाड्याने राहणारी काही कुटुंबं आहेत, त्यांना आणि धर्मशाळेत पूर्वी राहून गेलेल्या काही जणांना बोलावलं. आम्ही कोपऱ्यात उभे राहून ऐकत होतो.

एका मावशींनी आल्याआल्या विचारलं, "कपाट कुठे?" आम्ही भिंतीतलं फडताळ दाखवलं. त्या म्हणाल्या, "अहो, ते नाही. माझं गोदरेजचं. वाडा सोडताना ते काय टाकून येऊ?" खरं आहे. तीन वर्षांसाठी येणारं कुटुंब आपला संसार घेऊन येतं: कपाट, दिवाण, शिलाई मशिन, पितळेची भांडी. दाराची रुंदी वाढवली, आणि कपाटासाठी भिंतीचा दोन मीटरचा सलग तुकडा खिडकी-दारांतून मोकळा सोडतोय. सेवा लिफ्टमध्ये कपाट उभं मावतं का ते तपासायचं आहे.

दुसऱ्या बाईंनी ओट्याशी उभं राहून पोळी लाटून दाखवली. ओटा त्यांना उंच पडत होता. आणि तोंड भिंतीकडे होतं, मूल मागे खेळत असेल तर दिसत नाही. ओटा काटकोनात वळवला, आता उजवीकडे खिडकी आणि डावीकडे खोली दिसते. एका आजींना देवघर पूर्वेकडे तोंड करून हवं होतं. सगळ्या घरांत ते जमत नाही, अर्ध्या घरांत जमतं. दोन्ही बाजूंच्या घरांत भिंतीवर फळीसाठी लाकडी पट्टी देतोय, जागा ज्याची त्याने ठरवावी.

रुग्णाच्या नातेवाइकांपैकी एका तरुणाचं म्हणणं सगळ्यांपेक्षा वेगळं होतं. त्याला पूर्ण घराची गरजच नव्हती. "रात्री एकजण दवाखान्यात, एकजण इथे. आंघोळ, झोप, डबा. बाकी वेळ घरात एकट्याने बसवत नाही." अशांसाठी एका मजल्यावर आठ घरं दोन-दोन जोडून, मधे सामाईक स्वयंपाकघर आणि बसायची जागा असा पर्याय काढतोय. भिंत विटांची घेतली नव्हती, ड्राय वॉल (चौकटीवर बसवलेली पॅनेलची भिंत) होती, म्हणून हे सहज होतं.

५ सप्टेंबर

गणपतीच्या आधी विश्वस्तांची बैठक उरकून घेतली. ठरलं ते असं.

हॉटेलला स्वतःचा दरवाजा आणि दोन लिफ्ट. तात्पुरती घरं आणि सदनिका यांचा दरवाजा एकच, मुख्य रस्त्यावरून, तीन लिफ्ट सामाईक. विक्री सल्लागाराने दर कमी मिळेल असा इशारा दिला. विश्वस्तांनी तो ऐकून घेतला आणि दर कमी धरूनच हिशोब मांडायला सांगितलं. सदनिका घेणाऱ्याला हे करारात आणि महारेराच्या नोंदणीत आधीच स्पष्ट दिसेल, म्हणजे ताबा घेतल्यावर गेट लावायची मागणी उठायला नको.

मोकळे भाग राहिले. हॉटेलचा एक मजला कमी करायचं मात्र मान्य झालं नाही. त्याच्याशिवाय चालू खर्च भागत नाही असं त्यांचं म्हणणं. पाच वर्षांनी हॉटेलचा करार नव्याने होईल तेव्हा त्या मजल्याचा विचार करायचा, असा ठराव लिहून घेतला. ओट्याचे पाइप तिथपर्यंत आताच जातील.

पावसाळ्यात घरं रिकामी ठेवण्यावर एकमत झालं नाही. अण्णा बाजूने होते, खजिनदार विरोधात. पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार.

विसर्जनानंतर लगेच करायचं: अग्निशमन विभागाकडे आरेखन सादर करणं, उंचीच्या दाखल्याचा अर्ज, सेवा लिफ्टचं माप, आणि पाडकामाआधी सागवानी तुळयांची मोजदाद. त्यातल्या चांगल्या निघतील त्या तळमजल्याच्या सामाईक दालनात बाकांसाठी वापरायच्या.